चौथा हुक

आईची मेस चाकणच्या कारखान्यांजवळ, निघोजे गावात एका पोर्टा केबिनमध्ये चालायची. वीस फुटी लोखंडी खोका, मूळचा कुठल्यातरी कंपनीच्या साइट ऑफिसचा. कंपनीचं काम संपलं तेव्हा आईने तो सेकंडहँड घेतला आणि गावातल्या एका शेतकऱ्याच्या प्लॉटवर भाडं भरून ठेवला. फर्स्ट शिफ्ट सुटली की दारात सेफ्टी शूजचा ढीग. मग मालकाने प्लॉट गोडाऊनवाल्यांना दिला आणि महिनाअखेर जागा रिकामी करा म्हणून सांगितलं. वर्षानुवर्षं त्याच्याच गावातल्या भाडेकरूंना जेवू घालणाऱ्या बाईला एवढीच मुदत. गोडाऊनला मात्र रस्ता रुंद करून मिळतो.

तळवड्यात आईने एक गाळा बघून ठेवला होता. डिपॉझिट साठ हजार. विकण्यासारखं आमच्याकडे हा खोकाच होता. केबिनचे साठ आले तर मेस चालू, नाहीतर आई दुसऱ्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला. दुसरा मार्ग नव्हता.

मी कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं लिहिते आणि कंपन्यांच्या गेटवर वाटते. त्यामुळे मोबाइलवर टाकायची जाहिरातही मीच लिहिली. वर फोटो, खाली किंमत नव्वद हजार, आणि त्याखाली केबिन का विकावी लागतेय त्याचा खुलासा. तो जरा लांबला.

जुन्या केबिन घेऊन विकणारा एक माणूस चाकणहून आला. आल्या आल्या म्हणाला, "ताई, जाहिरात वाचली. भांडण विकायचंय का केबिन?"

"दोन्ही. भांडण फुकट आहे," मी म्हटलं.

तो हसला आणि कामाला लागला. पत्र्यावर बुक्की मारून बघितली. भांडी घासायची जागा होती तिथे टाच दाबली तर प्लाय मऊ लागला. तेवढ्याचे दहा हजार गेले. खालच्या फ्रेमला गंज, त्याचे पाच. आईने पुढे काढलेली पत्र्याची पडवी आणि आतला कडप्प्याचा ओटा, ज्यावर तिचा निम्मा जीव होता, त्यांची किंमत शून्य. "उलट तोडायची मजुरी लागेल, मावशी. तीन कमी." मी मनात वजाबाकी करत होते. बाहत्तर. चालेल.

मग तो शिडी लावून वर चढला, आणि वरूनच ओरडला, "हुक कुठायत?"

केबिनच्या चार कोपऱ्यांवर लोखंडी हुक असतात. त्यात पट्टे अडकवून हायड्रा क्रेन तिला उचलते. आमच्या चारही कोपऱ्यांवर नुसते कापल्याचे डाग होते.

"कापले मी," आई कणीक मळता मळता म्हणाली. "मागं भाड्यावरून मालकानं हायड्रा आणला होता की. मी आत, गॅसवर वरण, आन् वर पट्टे लावायलेत. मी काय बाहेर आले न्हाई. गेले ते झक मारत. दुसऱ्या दिवशी मेसच्या एका वेल्डर पोराला म्हणलं, आण तुझा ग्राइंडर."

"मावशी, कान कापले हो तुम्ही तिचे. आता ही उचलायची कशी? इथंच तुकडे करून भंगारात. पस्तीस देतो."

मी भडकले. हुक काय, अर्ध्या दिवसात लागतात, मग पस्तीस कसले? तोही म्हणाला, "लावा ना. बाहत्तर रोख देतो, माझा ट्रेलर आणतो."

"लावायचे न्हाईत," आई म्हणाली. "हुक लागले की मालक उचलून रस्त्यावर टाकतोय. मग रस्त्यावरच्या मालाला कोण बाहत्तर देतंय? गप बस माय, कशाला भांडायलीस त्याच्याशी."

संध्याकाळी मालक आला. मी आधी बोलले, गेटवर बोलते तसं, पाच मिनिटं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "झालं व्हय पत्रक वाचून? अक्का, आमाला जागा पायजे. सोमवारी गोडाऊनवाल्यांचा जेसीबी येतोय."

"हायड्रा सांगा तुम्ही रविवारी. पैसे तुमचे," आई म्हणाली. "हुक लावून घेते."

"हायड्राचं पैसं आमी का द्यायचं?"

"मग गॅस कटरनं कापत बसा. आत मी सैपाक करायलेच. रविवारी पोरं बी जेवायला असत्यात."

मालकाने बाहेर जेवणाऱ्या पोरांकडे बघितलं. एकाने ताट वर धरून विचारलं, "मालक, बसता का?" तो न बसता गेला, पण जाताना म्हणाला, "सांगतो हायड्रा."

मी म्हटलं, लिहून घेऊ. आई म्हणाली, लिहून काय करतेस.

रविवारी तो वेल्डर पोरगा आला. कापलेले हुक आईने फेकले नव्हते, पलंगाखाली गोणपाटात होते. त्याने तीन जोडले. पट्टे घेऊन हायड्रावाला तयार, आईने बोलावलेल्या चाकणवाल्याचा ट्रेलर उभा, मालक घड्याळ बघतोय.

"चौथा?" वेल्डरने वरून विचारलं.

"हुडकायलेय," आई म्हणाली, आणि हुडकत काहीच नव्हती. बाहेर काढून ठेवलेल्या सामानात लोणच्याची बरणी होती, तिच्या झाकणावर वजन म्हणून तो ठेवलेला होता. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मला दिसला, मी तोंड मिटलं. आयुष्यात क्वचित.

तीन हुकांवर केबिन उचलायला कोणी धजेना. आई कशासाठी थांबलीय ते चाकणवाल्याला सगळ्यात आधी कळलं. "घ्या मावशी, घ्या," म्हणत त्याने खिशातून बाहत्तर हजारांचं पाकीट काढलं. आईने पैसे माझ्याकडून दोनदा मोजून घेतले, ब्लाउजमध्ये ठेवले, मग बरणीवरचा हुक पदराने पुसून वर दिला.

केबिन उचलली गेली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. आईने बघितलं नाही. झाकण उघडं पडलं होतं, ती बरणीवर ठेवायला वीट शोधत होती.