दोन खड्डे

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षांत आमच्या भागाचं नाव पेपरात येई ते वाईटासाठीच. म्हणून स्वच्छ गाव स्पर्धेचं आलं तेव्हा माझे सासरे, गावचे सरपंच, इरेला पेटले. आर्णीच्या अलीकडचं तीस-पस्तीस घरांचं गाव. दाखवण्यासारखं काय होतं? बौद्ध वस्तीतल्या एका बाईचे दोन खड्डे.

वरच्या घरांची सगळी नाली उतारानं तिच्या अंगणात येई. तिनं तक्रारी करून पाहिल्या, मग एकटीनं दोन खड्डे खणले आणि घराच्या बाजूनं बांध घातला. पहिल्यात गाळ खाली बसायचा. दुसऱ्यात गोटे, कोळसा आणि रेती. पुढं कर्दळ लावलेली. तिथून निघालेलं पाणी नितळ असायचं. दर आठ दिवसांनी ती गाळ उपसायची. आमच्या मोरीचा गाळ.

सासऱ्यांनी तिथं ग्रामपंचायतीची पाटी लावली. तिला म्हणाले, "कमिटी येईन त्या दिवशी तू वावरात जाय."

"गड्डे माहे हायेत. मीच सांगतो ना त्याइले."

"तू काय सांगशीन? सूनबाई बारावी शिकली, ते सांगन."

मी तिच्याकडे शिकायला गेले. तिनं चहा केला, काही हातचं न राखता सगळं समजावलं. दोनदा.

त्या दिवशी ती वावरात गेली नाही, दारात उभी राहिली. मी घडाघडा सांगितलं. कमिटीतल्या बाईंनी विचारलं, "गाळ कोण काढतं?"

"गावकरी. पाळीपाळीनं."

"आणि या कोण?"

सासरे माझ्याकडे बघत होते. "ती कामाला आहे," मी म्हटलं.

बाई तिला म्हणाल्या, "छान. काम झाल्यावर हात साबणानं धूत जा."

गाड्या गेल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, "माह्याच घरी मलेच कामाले लावलं का वं, बाई?" माझ्या हातात कमिटीसाठी आणलेला हार होता. मी तशीच घरी गेले.

बक्षीस मिळालं. तिनं गाळ काढणं बंद केलं. पंधरा दिवसांत खड्डे तुंबले, पाणी उलटं चढून आमच्या मोरीत आलं. सासऱ्यांनी तिला बोलावणं धाडलं.

तिचा निरोप आला, "पाळी कोनाची हाये ते सूनबाईले इचारा."

सासऱ्यांनी दोन गडी पाठवले. त्यांनी सब्बलीनं खड्ड्यांचा बांध फोडला. सगळं काळं पाणी तिच्या सैपाकघरात शिरलं. चूल विरघळली, ज्वारीचं पोतं भिजलं. आमची मोरी मोकळी झाली आणि मी भांडी घासायला बसले. घासताना एकदा हात थांबला. मग पुन्हा पाणी ओतलं.

आठवडाभरात तिनं छपराची टिनं काढली, भावाच्या बैलगाडीत घातली आणि पुसदकडे निघून गेली. जाताना तिला कोणी थांबवलं नाही.

पुढं पावसाळ्यात तिच्या पडक्या घरात डबकं साचलं. मच्छर झाले, घरोघरी ताप आला. माझी मुलगीही फणफणली. पिठाच्या चक्कीवर बाया म्हणू लागल्या, "जाता जाता तिनंच काहीतरी करून ठेवलं. तुमचं तं येनंजानं होतं तिच्याकडं. तुमाले काय वाटते?"

"असंन बाप्पा," मी म्हटलं, आणि पीठ घेऊन घरी आले.