सांदवाडीतलं मुंगूस

पिल्लं मीच आणली होती, वणीच्या बाजारातून, दीड महिन्याची आठ. घरामागच्या सांदवाडीत सासूबाईंच्या सात जुन्या कोंबड्या होत्या. त्यांनी पिल्लं डालग्याखाली झाकून ते डालगं कोंबड्यांसमोर ठेवलं आणि मला बजावलं, "पंधरा दिवस सोडू नको. आधी पाहू दे एकमेकायले."

पण मी उतावळी. रोज डालगं उचला, घाण काढा, पाणी बदला. चौथ्याच दिवशी मी कंटाळले. त्या दिवशी सासूबाई डोळे तपासायला यवतमाळला गेल्या होत्या. मी पिल्लं मोकळी सोडली. घटकाभर सगळं छान चाललं, म्हणून आत येऊन बहिणीला फोन लावला. "मिसळली की गं! जुन्या लोकांचं आपलं काहीतरीच," असं म्हणून मी हसलेसुद्धा.

बाहेर आले तेव्हा दोन पिल्लं कुंपणाच्या कोपऱ्यात मरून पडली होती. डोक्यावर टोचून टोचून मांस उघडं पडलं होतं. मोठी तांबडी कोंबडी अजून टोचतच होती. तिला मी चप्पल फेकून मारली, जणू चूक तिचीच होती. उरलेली सहा झाकली आणि ती दोन नाल्यापलीकडे टाकून आले.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं, डालगं साफ करताना मुंगसानं दोन नेली.

दुसऱ्या दिवसापासून त्या काठी घेऊन सांदवाडीत बसू लागल्या. गुडघे दुखत होते, ऊन तापत होतं. जेवायलाही आत येईनात. "आत चला," म्हटलं की म्हणायच्या, "त्याले चटक लागली, तो येतेच पाह्य."

तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन निघाले, तर शेजारच्या काकू त्यांना विचारत होत्या, "इतक्या वर्षांत आपल्याकडं मुंगूस नाही दिसलं. तुम्ही पाह्यलं काय?"

"मायी सून सांगते ना! ते कायले खोटं बोलन?"

मी दारातच थबकले. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. त्याऐवजी चहा दिला, त्यांच्या हातातली काठी घेतली आणि म्हटलं, "आई, तुम्ही आत जाऊन पडा. मी बसते."

त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि काकूंना म्हणाल्या, "पाह्यलं? किती जीव लावते मले."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तरी मी काही बोलले नाही. आजवर नाही.