पाट ठेवून चढायची गाडी

आमच्या मोठ्या गाडीत मागच्या सीटपाशी एक पाट असायचा. साधासुधा नाही, हळदीचा पाट. लग्नात माझ्या नवऱ्याला ज्याच्यावर बसवून हळद लावली होती तोच. कडांना पितळी फुल्या, त्यातली एक केव्हाच पडलेली. हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबली की मी आधी उतरायचे, पाट काढून जमिनीवर ठेवायचे आणि मग सासूबाई त्यावर पाय देऊन खाली यायच्या. पहिल्या दिवशी वॉचमननं विचारलं, "मॅडम, आत पूजा आहे का?" मला हसू आलं नाही. आठवड्यातून तीनदा भल्या सकाळी डायलिसिसला येणाऱ्या माणसाचं हसू जरा जपूनच निघतं.

त्याआधी आमच्याकडे छोटी गाडी होती. सीएनजीवरची, दहा वर्षं वापरलेली, डाव्या दाराला पोचा आलेली. तो पोचा मीच शाळेच्या फाटकावर पाडला होता. गाडी मीच चालवायचे. सासूबाईंना डायलिसिसला नेणं, चार तास बाहेरच्या बाकावर बसून वह्या तपासणं, त्यांना घरी आणणं आणि तशीच पुढे दुपारच्या शाळेत जाणं, हे सगळं मी त्या गाडीच्या जिवावर केलं. सासूबाई दार उघडून आधी पाठमोऱ्या व्हायच्या, सीटवर टेकायच्या आणि मग एकेक पाय आत घ्यायच्या. गावच्या घराच्या ओट्यावर बसावं तशा. कुणाच्या हाताची गरज लागत नसे. पनवेलच्या जुन्या बाजारातल्या गल्ल्यांत ती गाडी कुठेही वळायची, कुठेही मावायची आणि अ‍ॅव्हरेज तर विचारूच नका. तिच्याविषयी चारचौघांत मिरवून सांगण्यासारखं मात्र काही नव्हतं, आणि तेच तिला नडलं.

नवऱ्याचं काम कळंबोलीला, लोखंडाच्या बाजारात. कुणाचा माल, कुणाचा ट्रक, यांची गाठ घालून देणं. या धंद्यात पार्टी आधी गाडी बघते आणि मग माणूस, असं तो नेहमी म्हणायचा. पण खरं सांगायचं तर मोठ्या गाडीची ठिणगी कळंबोलीला पडली नाही. ती पडली गव्हाणला, त्याच्या गावी, चुलतभावाच्या मुलाच्या हळदीत. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. सगळं गाव येतं, सगळं गाव बघतं. मांडवाच्या तोंडाशी पाहुण्यांच्या मोठमोठ्या गाड्या ओळीनं लावलेल्या, काळ्या नाहीतर पांढऱ्या, प्रत्येकीच्या नाकाला झेंडूची माळ. आमची गाडी दिसताच गाड्या लावून घेणाऱ्या माणसानं हात हलवला आणि सांगितलं, "तुमची मागं घ्या, जनरेटरकडं." त्यात त्याचा काही दोष नव्हता. बिचाऱ्याला वाटलं, आचाऱ्याची गाडी असेल.

नवऱ्यानं गाडी जनरेटरकडे लावली. नंतर तो जेवला, नाचलासुद्धा. पण घरी येताना समोरून येणाऱ्या प्रत्येक मोठ्या गाडीकडे मान वळवून बघत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्याच महिन्यात तो शोरूमची पत्रकं घेऊन आला. म्हणाला, "आईसाठी घेतोय. डायलिसिस करून येते, थकते. मागं आडवी झोपून येईल." मी म्हटलं, "तिथपर्यंत जायला पाऊण तास लागत नाही. आडवं होईपर्यंत हॉस्पिटल येतं." तर म्हणाला, "तुला नाय कळायचं." वाद घालायचा तर आधी जीव हवा. शाळा, घर, हॉस्पिटल यांत माझा जीव संध्याकाळपर्यंत पुरला तरी मी नशीबवान. जुनी गाडी देऊन नवी घ्यायचं ठरलं. जुनी माझ्या नावावर होती. कागदांवर सही मी केली, आणि हे मी आजवर स्वतःला माफ केलेलं नाही.

शिवाय एक कबुली देऊन टाकते. मोठ्या गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा मलाही बरं वाटलं. उंचावरून रस्ता वेगळा दिसतो. रिक्षावाले आपोआप बाजूला होतात. पुण्याला माझ्या भावाच्या सोसायटीत शिरलो तर वॉचमननं नाव न विचारता फाटक उघडलं, आणि मी उतरले तीसुद्धा जरा सावकाशच. तेव्हा सगळा दोष नवऱ्यावर टाकून मोकळं होणं मला जमणार नाही.

गाडी घरी आली त्या दिवशी सासूबाईंनी तिला ओवाळलं. सासूबाई गाडीला 'गारी' म्हणतात, आणि 'गारी' म्हणताना त्यांचं तोंड भरून यायचं. मागच्या काचेवर नवऱ्यानं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं: आईची कृपा. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "काय लिवलाय?" त्यानं वाचून दाखवलं. आमच्याकडे आई म्हटलं की डोंगरावरची देवीच आधी डोळ्यांसमोर येते, म्हणून त्यांनी हात जोडले आणि वर विचारलं, "कंची आय?"

"दोघी गो," तो म्हणाला.

ते ऐकून म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचे कितीतरी दिवस डायलिसिसच्या खोलीत प्रत्येक खाटेला तिनं हे सांगितलं. शेजारच्या आजोबांना तर दर खेपेला. माझ्या लेकानं माझ्यासाठी गारी घेतली, मागं माझा नाव लिवलाय. आजोबा दर खेपेला पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलवायचे.

फक्त त्या गारीत त्यांना चढता येईना.

पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते, मग त्यांचं काय. त्यांच्या डाव्या हातात डायलिसिससाठी केलेली नस आहे. तो हात ओढायचा नाही, त्यावर भार द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी दहादा बजावलेलं. म्हणजे धरायला हात एकच. पाठमोरं बसण्याची त्यांची युक्ती इथे चालेना, कारण सीट कमरेच्याही वर. पहिल्या दिवशी नवऱ्यानं त्यांना सरळ उचलून आत ठेवलं. वजन काय, मूठभर. पण त्या अशा काही ओरडल्या की बिल्डिंगच्या दोन खिडक्या उघडल्या. "मना उचलू नको! उचलून न्याचा ता एकदाच." नवऱ्याचा चेहरा पडला. मी वर गेले, माळ्यावरून तो पाट काढला आणि खाली घेऊन आले. दुसरं काही सुचलं नाही. ज्या पाटावर लेकाला बसवून त्यांनी हळद लावली होती, त्याच्यावर पाय देताना त्या क्षणभर थांबल्या. मग पाया पडून चढल्या.

असे चार महिने गेले. मोठी गाडी मला चालवता येत नाही. म्हणजे येते, पण आमच्या गल्लीत वळवताना चारदा पुढेमागे करावी लागते, आणि पार्किंगमध्ये तिचं बूड बाहेर राहतं म्हणून सेक्रेटरी चिठ्ठ्या पाठवतात त्या वेगळ्याच. त्यामुळे नवराच यायचा. आम्हाला दारात सोडायचा आणि फोनवर बोलत कळंबोलीला निघायचा. चार तासांनी परत न्यायला यायचं म्हणजे त्याचा दिवस मधोमध तुटायचा. तो काही म्हणायचा नाही, पण सिग्नलला स्टिअरिंगवर बोटं वाजवायचा. सासूबाई मागून त्या बोटांकडे बघत बसायच्या.

मग पाट सरकला. हॉस्पिटलच्या दारातली फरशी नुकतीच पुसलेली होती. मी पाट ठेवला, त्यांनी पाय दिला आणि त्या पाटासकट खाली आल्या. हाड मोडलं नाही, नसेच्या हाताला लागलं नाही, कोपर तेवढं सोललं. पण त्या फरशीवर बसून राहिल्या आणि चार माणसांनी त्यांना उचललं. चार माणसांनी. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "मी आता नाय जायची. पुरे झाला."

मला वाटलं, रागानं बोलतात, दोन दिवसांत निवळतील. त्यांनी डायलिसिसची एक खेप चुकवली, मग दुसरी. नवऱ्यानं हात जोडले, ओरडला, डॉक्टरांना फोन लावून आईच्या कानाला धरला. उपयोग झाला नाही. पाय सुजून चमकायला लागले. उशीला टेकलं की धाप लागायची, म्हणून त्या बसूनच झोपायच्या. मी त्यांच्या पायांवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. मी घाबरले. आणि इतकी चिडले, की कुणावर चिडायचं तेच कळेना.

नवरा कामावर गेल्यावर मी खाली जाऊन रिक्षा बोलावली. कोपऱ्यावरचे एक चाचा, वयस्कर, हळू चालवणारे. मी सासूबाईंना सांगितलं, "आई, नुसतं खाली चला. बसून तर बघा." त्या लिफ्टनं खाली आल्या, रिक्षाकडे बघितलं, पाठमोऱ्या झाल्या, टेकल्या आणि एकेक पाय आत घेतला. कुणाचा हात लागला नाही. चाचा म्हणाले, "आई, आरामात बसा, घाई नाही." मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिले, कारण मला रडू येत होतं.

त्या जायला तयार झाल्या, पण एका अटीवर. "त्याला नको सांगू."

"का? त्यांना आनंदच होईल."

"येवरी मोठी गारी दाराशी, न आय रिक्षात? लोक त्याला काय बोलतील?"

संध्याकाळी त्यांनीच लेकाला सांगितलं की आता हॉस्पिटलची व्हॅन येते, पायरी खाली असते, चढायला सोपी. तो म्हणाला, "बरं झालं." कुठली व्हॅन, किती वाजता, एक प्रश्न नाही. त्याचा सुटकेचा श्वास मला स्वयंपाकघरात ऐकू आला. मी खरं सांगू शकले असते. सांगितलं नाही. म्हातारीला शब्द दिला होता हे एक, आणि सांगितल्यावर जे काही झालं असतं ते निस्तरायची ताकद नव्हती, हे दुसरं. दुसरंच जास्त खरं.

तेव्हापासून चाचांची रिक्षा. सासूबाई तिला हॉस्पिटलच्या फाटकाआधी दहा पावलं थांबवतात आणि चालत आत जातात. डायलिसिसच्या खोलीत शेजारचे आजोबा विचारतात, "आज गाडी नाही दिसली?" त्या म्हणतात, "सोरून गेला. त्याला काम असतान." पाट पुन्हा माळ्यावर गेला.

परवा परत येताना उरण नाक्यापाशी आम्ही अडकलो. एक ट्रक आडवा झाला होता, सगळं ठप्प. डायलिसिसनंतर सासूबाईंचा चेहरा उतरतो, त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून होत्या. समोर दोन बाइक आणि त्यांच्यापुढे एक काळी मोठी गाडी. मी नंबर बघितला. मग काच बघितली. मला वाटलं, त्यांना दिसलं नसेल. पण अक्षर येत नसलं तरी ती काच त्यांनी कितीतरी वेळा निरखली होती. त्या सरळ होऊन बसल्या.

"आपली गारी," त्या हळूच म्हणाल्या. आणि क्षणभर, शपथेवर सांगते, त्यांचा चेहरा उजळला.

मग त्यांनी पदर डोक्यावरून ओढला, पार हनुवटीपर्यंत, आणि रिक्षाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसल्या. लेकानं आरशात बघितलं तर दिसायला नको म्हणून. आमच्यासमोर ती अक्षरं उन्हात चकाकत होती. आईची कृपा.

ट्रक हलला. बाइकवाले सटकले. डाव्या बाजूला जागा मोकळी झाली आणि चाचांनी मान वळवून मला विचारलं, "मॅडम, जागा आहे, पुढे काढू का?"

मी उत्तर देण्याआधी पदराआडून आवाज आला.

"नको र बाबा. त्याला फुरं जाव दे."