नळावरचा ठराव

विजापूरहून पहाटेच्या गाडीने निघाले. होटगीला गाडी बदलायची असते. सोलापूरची गाडी दीड तास उशिरा आली, आणि तेवढ्या वेळात बाकावर ठेवलेली माझी छत्री कोणीतरी उचलली. भर उन्हात सोलापुरात उतरले ती चिडूनच.

संप-समितीच्या चिटणिसांनी गिरणीतल्या बायकांपुढे बोलायला मला बोलावले होते. नरसम्मा नावाची तेलुगू विणकर घरातली बाई तान्ह्या मुलाला पाजायला बाहेर गेली, म्हणून जॉबरने (मुकादमाने) तिला कामावरून काढले. तिला परत घ्या, यासाठी तिच्या खात्यातल्या बायका तीन दिवस घरी बसल्या होत्या. उद्याच्या भोंग्याला आत जायचे की नाही, हे त्या दिवशीच्या सभेत ठरायचे होते.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन चार वाजता सभेला गेले. पुढे पुरुष, मागे बायका. मुंबईचे वक्ते पाऊण तास अबिसीनियावर बोलले, मग चीनवर. अबिसीनियावर बाँब टाकणाऱ्या इटलीच्या विमानांचा मलाही संताप आहे. शाळेत मुलींना मी वर्तमानपत्र वाचून दाखवते. पण नरसम्माचे नाव आले अगदी शेवटी, आणि तेही 'नरसूबाई' असे.

माझी पाळी येण्याआधीच ते म्हणाले, "ज्यांना संप चालू ठेवायचा आहे त्या भगिनींनी हात वर करावेत."

एकच हात वर झाला, नरसम्माचा. बाकीच्यांनी पदर नाकापर्यंत ओढले.

"बघितलंत बाई?" चिटणीस म्हणाले. "जागृतीच नाही. उद्या आत जावं लागणार."

माझेही डोके फिरले. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या काशीबाईंना मी फाडकन विचारले, "हात का नाही केला कोणी वर?"

"म्होरं सासरे, भावजी बसलेत की. त्येंच्या देखत पोरींनी हात नाचवायचा व्हय? तुमी केला असता?"

नसता केला. सासरे होते तोवर मीही दाराआडूनच बोलत असे.

"नळावर चला," काशीबाई म्हणाल्या. "आता पाणी येतंय. तितं बाप्ये न्हाईत."

नळाला पाणी तासभरच येते आणि घागर जागची हलवली की नंबर गेला. काशीबाईंनी मराठीत सांगितले, नरसम्माने तेलुगूत: जी उद्या आत जाणार नाही तिने आपली घागर उचलून पिंपळाखाली ठेवावी. मग पिंपळापासून नवी रांग. नीळ्ळु (पाणी) मिळेल तेवढे मिळेल.

नरसम्माची घागर सर्वांत पुढे होती. तिने ती उचलली. मागोमाग दुसरी, तिसरी. एक नवी सून कळशी धरून घुटमळत होती.

"ठेव की गं! कळशी हाय, नवरा न्हाय. कुणी पळवत न्हाय!" काशीबाई म्हणाल्या.

सगळ्या हसल्या, ती कळशीही गेली. नळापाशी एकच घागर उरली. ती गळकी होती आणि तिची मालकीण माहेरी गेली होती.

मी चिटणिसांना ओढून आणले. त्यांना पाहून पदर पुन्हा खाली आले. घागरी तिथेच राहिल्या.

"पण घागरींचा ठराव वहीत लिहायचा कसा?"

"शाईनं," मी म्हणाले.

सकाळी टांग्यातून स्टेशनकडे जाताना भोंगा झाला. गिरणीच्या फाटकाबाहेर त्या सगळ्या बसल्या होत्या. नरसम्मा मुलाला पाजत होती आणि जॉबर आतून नुसता बघत होता.

होटगीला छत्री शोधली; मिळाली नाही. गाडीला वेळ होता म्हणून न केलेले माझे भाषण काढले. 'आपल्या स्त्रिया अद्याप निद्रिस्त आहेत,' हे त्यातले पहिलेच वाक्य. खोडले. पुढची चार पाने त्याच वाक्यावर उभी होती, तीही गेली.

पंधरा दिवसांनी चिटणिसांचे पत्र आले. नरसम्माला परत घेतले, पाजायला दोनदा बाहेर सोडतात. आता अबिसीनियावर बायकांची सभा घ्यायची आहे, याल का?

येईन, असे कळवले आहे. सभा नळावर ठेवा, आणि पाणी भरून झाल्यावर.