उरवड्याच्या रस्त्याचं रेकॉर्डिंग

इतकी वर्षं झाली, पण उरवड्याच्या रस्त्यावरचा तो एस.टी.चा थांबा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तिथे खून झाला नव्हता की दरोडा पडला नव्हता. ज्या प्रकरणामुळे तो लक्षात राहिला, ते गुन्हा म्हणून दाखलसुद्धा झालं नाही. माझ्याकडे आला होता तो एक साधा तक्रार अर्ज.

साल २००६. मुळशी तालुक्यातल्या ठाण्याचा कारभार तेव्हा माझ्याकडे होता. पिरंगुट-उरवडे पट्ट्यात भातखाचरांच्या शेजारी कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. आमच्याकडचे अर्ज म्हणजे भंगाराची चोरी, बांधाचे वाद, शनिवार-रविवारपुरत्या उघडणाऱ्या बंगल्यांतल्या घरफोड्या. ठाण्यात संगणक एकच होता आणि त्याचा उपयोग आम्ही टाइपरायटरसारखा करत होतो.

एका शनिवारी सकाळी, हजेरी उरकायच्या आत, एका कारखान्याचे मालक स्वतः आले. गाड्यांचे सुटे भाग बनवण्याचा त्यांचा कारखाना. मालाचा साठा, पाठवणी, बिलं असा सगळा हिशेब ज्या संगणकावर होता तो सर्व्हर आदल्या दिवशी कामाच्या ऐन गर्दीत बंद पडला होता आणि पुन्हा सुरू होत नव्हता. चलन निघाल्याशिवाय माल फाटकाबाहेर जाईना. भरलेले ट्रक आवारात उभे होते आणि पलीकडून खरेदीदाराचे फोन सुरू होते.

संशयित त्यांनी तयारच आणला होता. सर्व्हर सांभाळणारा एक तरुण चार महिन्यांपूर्वी भांडून नोकरी सोडून गेला होता. जाताना सगळ्यांसमोर म्हणाला होता, हा सर्व्हर एक दिवस बसणार, तेव्हा मला फोन करू नका.

"ही धमकीच झाली ना, साहेब?" मालकांनी विचारलं.

संगणकाच्या कायद्याखालचा तपास त्या काळी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असे. माझ्या हाती फक्त प्राथमिक चौकशी होती. पण वर जाणारा अहवाल माझाच असणार होता आणि त्यात त्या मुलाचं नाव आलं की पुढचं सगळं त्याच्यामागे लागणार होतं.

मुलगा जालन्याकडचा. भुकूमला एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेऊन राहत होता. आम्ही गेलो तेव्हा घरमालकीण दारातच आडवी उभी राहिली. त्यानं काय केलंय ते आधी सांगा, म्हणाली. मी थोडक्यात सांगितलं.

"ह्याला अंगनातली कोंबडी हाकलता येत न्हाई, सायेब," ती म्हणाली. "आन कारखाना कुटनं बंद पाडतुया?"

आमच्या हवालदारांना हसू आवरेना. मुलगा मात्र पांढराफटक पडला होता.

माझी एक पद्धत होती. माणसाला आधी चहा द्यायचा आणि बोलू द्यायचं. ज्याच्या मनात खोट असते तो न विचारता आपण कुठे होतो ते सांगत सुटतो. या मुलाला मी शुक्रवारी कुठे होतास म्हणून विचारलं, तर तो उलट मलाच विचारायला लागला की डिस्कवर जागा किती शिल्लक आहे ते कुणी पाहिलं का. भांडणही त्यावरूनच झालं होतं, असं त्याचं म्हणणं. तो मोठी डिस्क मागत होता आणि मालक म्हणत होते, चालतंय ना, मग कशाला? जाताना तो जे बोलला ते त्याच रागात.

मग त्यानं कप खाली ठेवला. "सर, सोमवारी मला हिंजवडीला जॉइन व्हायचंय. तुम्ही कागदावर नुसतं नाव घातलंत तरी ते मला घेणार नाहीत."

मी त्याला घेऊन कारखान्यात गेलो. दोन पंच बरोबर घेतले आणि एक अट घातली. मुलानं कीबोर्डला हात लावायचा नाही. त्यानं तोंडानं सांगायचं आणि टाइप कंपनीच्या माणसानं करायचं. नंतर कुणी म्हणायला नको की आरोपीनंच पुरावा फिरवला. मालकांनी माल पाठवणी विभागातल्या एका बाईंना बोलावलं. तिशीतल्या, कासार आंबोलीच्या. बोटं झरझर चालत होती.

मुलानं सांगायचं, बाईंनी टाइप करायचं, असं सुरू झालं. ऐंशी जीबीची डिस्क काठोकाठ भरलेली निघाली. मला समजेल असं त्यानं सांगितलं: डेटाबेस प्रत्येक व्यवहार आधी डिस्कवर लिहितो, मगच पुढे जातो. लिहायला जागा उरली नाही की थांबतो. पुन्हा उठायलाही त्याला थोडी जागा लागते, म्हणून तो सुरू होत नव्हता.

"मग जागा खाल्ली कुणी?" मालक म्हणाले.

मुलानं सर्वांत मोठा फोल्डर शोधायला सांगितलं. तो सापडला. उघडा, म्हणाला. इतका वेळ धावणारी बाईंची बोटं तिथे थांबली. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

आत कॅमेऱ्याची रेकॉर्डिंगं होती. रोजचं एक, जवळजवळ दीड वर्षाची. हा फोल्डर मुलाच्या काळातही होता, पण फाटकावरच्या कॅमेऱ्याचं काम मालकांच्या सांगण्यावरून चालतं असं समजून त्यानं त्याला हात लावला नव्हता. मालक म्हणाले, मी असलं काही सांगितलेलं नाही. मी कागदावर भागाकार केला. रोज साधारण तेवढीच भर पडत गेली होती. ती भांडणाच्या आधी सुरू झाली होती आणि मुलगा गेल्यावरही थांबली नव्हती. घात करणारा माणूस दीड वर्ष रोज थोडं थोडं ओतत बसत नाही. त्याचं नाव माझ्यापुरतं तिथेच सुटलं.

एक रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. चित्रात कंपनीचं फाटक, त्यापलीकडे रस्ता, आणि वरच्या कोपऱ्यात एस.टी.चा थांबा. मालक, पंच, मुलगा, सगळे फाटकाकडे बघत होते. माल तिथून जातो, चोरी झाली तर तिथूनच होणार. बाई एकट्या वरच्या कोपऱ्यात बघत होत्या. एस.टी. आली, माणसं उतरली, एस.टी. निघून गेली. मग त्यांची नजर खाली आली.

मी मालकांना आणि पंचांना चहासाठी बाहेर पाठवलं आणि विचारलं, "बाई, थांब्यावर कुणाची वाट बघताय?"

"नवऱ्याची," त्या म्हणाल्या. "नोंद हाय तुमच्याच ठान्यात."

मग त्यांनी सांगितलं. नवरा टेम्पो चालवायचा. टेम्पोचा काही भाग आणायला म्हणून एका सकाळी याच थांब्यावरून पुण्याच्या एस.टी.त बसला, तो परत आलाच नाही. भांडण नाही, आजार नाही. ठाण्यात बेपत्ता असल्याची नोंद, आमच्या भाषेत मिसिंग, दाखल झाली ती माझ्या येण्याआधी. रुग्णालयं पाहून झाली, फोटो सगळीकडे गेले. पुढे बाई संगणक शिकल्या. घराजवळ दुसरीकडे काम मिळत असताना त्यांनी हाच कारखाना धरला, कारण समोर हा थांबा होता. आत बसल्यावर तो दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतो. पण कॅमेऱ्याचा संगणक दुसऱ्याच दिवशी जुनं आपोआप पुसून टाकतो, म्हणून त्या रोज संध्याकाळी दिवसभराचं रेकॉर्डिंग सर्व्हरवर टाकायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत बघायच्या.

"बघून झालेलं कशाला ठेवलंत?" मुलानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"बघताना माजी नजर चुकली असंल तर?"



मग त्या त्याला म्हणाल्या, "तुमच्यावर घालत्यात, हे मला सकाळीच कळलं. सांगनार हुते. पन सांगितलं की समदं पुसावं लागंल."

मालक आत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते भडकले. हिच्यापायी माझ्या गाड्या अडकल्या, म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मग थोडा वेळ त्या पडद्याकडे बघत राहिले. "आधी सर्व्हर चालू करा," एवढं म्हणून ड्रायव्हरांना समजवायला निघून गेले.

रेकॉर्डिंग दुसरीकडे हलवता येईल का, असं मी मुलाला विचारलं. एवढं मावेल अशी दुसरी डिस्क कंपनीत नव्हती. तीच तर घेतली नव्हती.

पुसावंच लागेल, असं मी बाईंना सांगितलं. त्या मानेनं हो म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मागच्या चार दिसांचं बगायचं ऱ्हायलंय."

आम्ही बसलो. बाहेर ट्रक हॉर्न देत होते आणि आम्ही तिघं रिकामा रस्ता बघत होतो. मुलगा रेकॉर्डिंग पळवायला सांगायचा आणि एस.टी. आली की हळू करायला. माणसं उतरायची, बाई बघायच्या, म्हणायच्या, न्हाई. मीही त्या बारीक, धुरकट आकृत्यांत न पाहिलेला माणूस शोधायला लागलो होतो. तिसऱ्या दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्ये पांढऱ्या शर्टातला एकजण आमच्याकडे पाठ करून उतरला. बाईंचा हात कीबोर्डवरून निघाला. तो पिशवी खांद्यावर घेऊन उभा राहिला आणि मग वळला.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

चौथा दिवसही संपला. आता जुनं पुसायचं होतं. मुलगा म्हणाला, "ताई, उठा, मी करतो," आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. अट माझी होती, मीच सोडली.

"नको," बाई म्हणाल्या. "मीच करते."

जे बघायला दीड वर्ष लागलं होतं ते पुसायला काही मिनिटं पुरली. मुलगा सांगत गेला, त्या टाइप करत गेल्या आणि सर्व्हर उठला. बाईंनी पदर खोचला, आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि पहिलं चलन काढलं. ट्रक एकामागून एक बाहेर पडायला लागले.

दखलपात्र गुन्हा निष्पन्न होत नाही, असा अहवाल मी पाठवला. मुलगा सोमवारी कामावर रुजू झाला. मालकांनी बाईंना काढलं नाही. का काढलं नाही, ते मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी मिसिंगचे कागद काढले. फोटो नव्यानं शेजारच्या जिल्ह्यांत पाठवले, दोन-तीन ठिकाणी स्वतः जाऊन आलो. हाती काही लागलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी बाई ठाण्यावरून जाताना आत डोकावायच्या. काही विचारायच्या नाहीत. मीच नकारार्थी मान हलवायचो, मग त्या जायच्या.

खात्यात असताना तपासाबद्दल मी तरुण अधिकाऱ्यांना पुष्कळ सांगितलं. सगळे जिकडे बघतात तिकडे न बघणारा माणूस शोधा, हेही सांगितलं. पण या प्रकरणातून मला जे कळलं ते सांगायचं राहूनच गेलं. शोध घेणं हे आमचं काम होतं. ते आम्ही मनापासून करतो आणि बदलीचा हुकूम आला की कागद पुढच्या अधिकाऱ्याच्या हाती देऊन मोकळे होतो. मीही दिले, पोच म्हणून सही घेतली आणि नव्या ठाण्यावर हजर झालो. त्या बाईंच्या जागी बदलून येणारं कुणी नव्हतं.