बाबांचं तळं आणि तीन ब्राउझर

मी शाळेत होते तेव्हा बाबांनी त्यांच्या कारखान्याच्या प्रशिक्षण केंद्रातल्या मुलांसाठी एक तळं बनवलं होतं. तळं म्हणजे वेबपानात बसवलेला छोटा प्रोग्राम, जावा ॲप्लेट. काळसर निळ्या चौकोनात माऊसनं टिचकी मारली की थेंब पडायचा, वर्तुळं पसरत काठापर्यंत जायची आणि काठाला लागून परत यायची. दोन थेंब टाकले तर वर्तुळं एकमेकांतून आरपार जायची, कुणाचं कुणावाचून अडायचं नाही. मी तासन्‌तास थेंब टाकत बसायचे, आणि झोपेतही मला ते पाणी हलताना दिसायचं.

गेल्या थंडीत, जवळच्या मऊरानीपुर गावात शाळेतल्या मुलांना हे तळं दाखवणाऱ्या एका मास्तरांचा बाबांना फोन आला, "सर जी, आपका तालाब खुल नहीं रहा. बच्चों को खाली डिब्बा दिखता है." बाबांनी ते काम माझ्या गळ्यात टाकलं. मी वेबसाइट बनवते. सदर बाज़ारात एका दुकानाच्या वर माझी कामाची खोली आहे.

दुखणं काय ते उघड होतं. असले ॲप्लेट चालवायची सोय नव्या ब्राउझरांनी कधीच काढून टाकली आहे, त्यामुळे तळ्याच्या जागी नुसता राखाडी चौकोन उरतो. बाबांचा जुना कोड तसाच ठेवून, तो नव्या ब्राउझरांना समजावून देणारा एक दुभाष्या प्रोग्राम मध्ये बसवायचा होता. बसवला, तर प्रत्येक ब्राउझरचं रडगाणं निराळं. एकात वर्तुळं अंड्यासारखी लांबट, दुसऱ्यात टिचकी एकीकडे आणि थेंब भलतीकडे, तिसऱ्यात पाणी जागचं हलेना. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमच्या धंद्यात अंगण खरोखरच वाकडं असतं.

तपासायला बाबा होतेच. आई गेल्यापासून ते घरी एकटे असतात, आणि मी सासरहून रविवारी तेवढी धावती चक्कर मारते. रोज दुपारी मी नवी फाइल चढवायची आणि फोन करायचा, "बाबा, दिसतंय का?"

"हां बेटा, एकदम बढ़िया. बघ, काठाला लागलं. आता परत येतंय."

कधी म्हणायचे, "आज बीचमध्ये थोडं अटकतंय." मग मी दोन दिवस त्या अटकण्याच्या मागे. खिडकीतून ऊन माझ्या टेबलावर यायचं, खाली रिक्षांचे हॉर्न वाजायचे, आणि कानाशी बाबा सावकाश पाण्याचं वर्णन करत असायचे. मी डोळे मिटून ऐकायचे. खोली, बाज़ार, ऊन सगळं थोडं थोडं हलायला लागायचं. खरं सांगायचं तर आठवड्याचं काम मी तीन महिने लांबवलं.

एका दुपारी बाबा म्हणाले, "आज तर कमाल चालतंय." फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की फाइल अर्धवटच चढली होती. पान कोरं होतं. धंद्याच्या सवयीनं मला आधी वाटलं, त्यांच्या ब्राउझरनं जुनी प्रत साठवून ठेवली असेल. पुन्हा फोन करून ती पुसायला सांगितली.

"पुसली बेटा. अब और साफ दिसतंय."

मी स्कूटर काढली आणि घरी गेले.

बाबा संगणकापुढे बसले होते. हात माऊसवर होता, बोट हळूहळू टिचकी मारत होतं, आणि तोंड खिडकीतल्या उन्हाकडे होतं. संगणकाचा पडदा कोरा होता.

"बाबा, यात काहीच नाहीये."

त्यांनी माऊसवरचा हात काढून घेतला. म्हणाले, "दिवाळीपासून सगळं ताकातून बघितल्यासारखं दिसतं. उजव्या डोळ्यानं तेवढंही नाही."

"आणि मला रोज सांगत होतात ते?"

"पाणी माझंच आहे ग. मला पाठ आहे. चालतंय की नाही ते तुझ्या आवाजावरून कळायचं."

मी त्यांच्यावर खूप ओरडले. इतके दिवस लपवलंत, काही झालं असतं तर, वगैरे. ओरडून झाल्यावर स्वतःची लाज वाटली. तीन ब्राउझरांची नाडी मी रोज बघत होते, आणि रविवारी समोर बसून चहा पिताना या माणसाचे डोळे मला दिसले नव्हते. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून मी दुसऱ्या दिवसाची वेळ घेतली.

मग मला आठवलं. "ते मधून मधून अटकायचं, ते काय होतं? मी दोन दोन दिवस घालवले त्यात."

"काही अटकत नव्हतं," बाबा म्हणाले. "सगळं ठीक चालतंय म्हटलं असतं, तर तुझा फोन बंद झाला असता."