रामकिशन कोतवालाचा हुकूम

रामकिशन कोतवालाला नदीचा राग कधी आला नाही. त्याला राग यायचा सरकारी शब्दांचा. एकतीस वर्षं तो पिंपळधरीत तालुक्याचा निरोप ओरडून सांगत होता, आणि त्या तालुक्याला साधा निरोप कधी धडपणे देता आला नव्हता. कधी सूचना, कधी आवाहन, कधी निर्देश, कधी आदेश. लिहिणारा पंख्याखाली बसणार, आणि मोटारसायकलच्या हँडलला भोंगा बांधून त्याचा अर्थ सांगत उन्हात फिरणार रामकिशन.

गावाने मात्र एकेका शब्दाची लायकी केव्हाच ठरवून टाकली होती. सूचना म्हटलं की कुणी मान वर करत नसे. आवाहन म्हटलं की हसत. निर्देश असला तर तो शाळेच्या मास्तरांसाठी असणार. आदेश आला तर म्हणत, "थांब की, पुढच्या आठवड्यात बदलंल." पण निजामाच्या काळापासून चालत आलेला एक शब्द होता, हुकूम. तो कानावर पडला की माणूस हातातला घास ताटात ठेवून उठत असे. ही सगळी रामकिशनच्या बापाची कमाई. तोही कोतवालच. "वरून कडक कागद आल्याबिगर हुकूम म्हनायचं न्हाई," असं त्याने पोराला बजावलं होतं. बापाने हयातीत तो शब्द दोनदा वापरला. रामकिशनने एकदाच, विजेची तार तुटून ओढ्यात पडली होती तेव्हा.

ऑगस्टातल्या त्या दुपारी तलाठी स्वप्नाली मॅडमचा मेसेज आला. धरणातून विसर्ग वाढवण्यात येत असून नदीकाठच्या नागरिकांना सतर्कतेबाबत अवगत करावे. रामकिशनने दोनदा वाचला आणि त्याचं डोकंच फिरलं. त्याने फोन लावला.

"म्याडम, अवगत म्हंजी काय सांगू? उठा म्हनू का बसा म्हनू?"

"मामा, वरून आलं तसं सांगा. गल्ली खाली करायचा आदेश अजून निघाला नाही."

"कवा निघंल?"

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

रामकिशन खालच्या गल्लीत गेला. नदीला लागून तेवीस घरं. त्याने भोंग्यातून सगळ्यांना अवगत केलं. एक माणूस हलला नाही. किराणा दुकानदार संगप्पा गल्ल्यावरून न उठताच म्हणाला, "हुकूम हाय का?"

"न्हाई. पन पानी चढून राहिलंय."

"मंग हुकूम आल्यावर ये. चाळीस पोती धान्य हाय आत, सूचनेवर कोन हलवून राहिलं?"

पुढच्या दारात सत्तरी ओलांडलेली सरजाबाई शेळीला पाला घालत होती. "झाले बाबा अवगत," ती म्हणाली. "जा आता, शेळी बिचकती."

रामकिशनने कपाळावर हात मारला. माणसं नदीकडे बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघत होती. महादेवाच्या घाटाला नऊ पायऱ्या. तो आला तेव्हा चार उघड्या होत्या, आता दोनच. त्याने मॅडमला पुन्हा फोन केला. साहेब अजून मीटिंगमध्येच होते. नोकरीची तीन वर्षं उरली होती, आणि नसलेला हुकूम सांगितला म्हणून घरी बसवायला तालुक्याला एक दिवस पुरला असता. बापाचं बजावणंही कानात होतं. आपल्याला आयुष्यभर दुसऱ्याचेच शब्द दिले आणि आज नेमका हवा तो द्यायला कुणी जागेवर नाही, याचा त्याला असा संताप आला की भोंगा नदीत भिरकावावा.

भिरकावला नाही. तो संगप्पाच्या ओट्यावर चढला आणि त्याने तीनदा सांगितलं, "हुकूम हाय! खालची गल्ली खाली करा! समद्यांनी शाळेत चला!"

गल्ली उठली. कुणाचा, कशाचा, कुणी विचारलं नाही. पोरं, गाठोडी, शिजता भात पातेल्यासकट, सरजाबाईची शेळी, सगळं शाळेच्या रस्त्याला लागलं. संगप्पाची निम्मी पोतीही माणसांनी हातोहात काढली. दिवस मावळायच्या आत खालच्या गल्लीत छातीभर पाणी होतं. शाळेत माणसं मोजली, एकही कमी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आदेश आला, सहीशिक्क्यासह. नदीकाठची घरं तत्काळ खाली करावीत, गावात दवंडी देऊन तसा फोटो पाठवावा. तोवर पाणी ओसरायला लागलं होतं. रामकिशनने घोटाभर चिखलात उभं राहून रिकाम्या गल्लीला तो आदेश वाचून दाखवला आणि फोटो पाठवला.

आठवड्याने नोटीस आली. सक्षम अधिकाऱ्याचा आदेश नसताना हुकूम कसा जाहीर केला, तीन दिवसांत खुलासा करा. चहाच्या टपरीवर ती बातमी फुटली आणि हुकूम खोटा होता हे गावाला कळलं. नोटिशीपेक्षा रामकिशनला तेच लागलं. बापाने दोनदाच वापरून जपलेला शब्द आपण नासवला. आता पुढच्या पुराला कोण उठणार?

संध्याकाळी तो आपल्या घराच्या ओट्यावर खुलासा लिहीत बसला होता. पहिल्याच ओळीला अडला होता. सरजाबाई शेळी घेऊन समोर उभी राहिली.

"रामकिशन, खरं सांग. त्यो हुकूम कुनाचा व्हता?"

"माझाच, मावशी," तो खाली मान घालून म्हणाला.

तिने शेळीची दोरी हाताला गुंडाळली. मग चिडून म्हणाली, "मंग तसं सांगायचं न्हाई का आधीच? तुझा हाय म्हनला असतास तर चार पायऱ्या उघड्या व्हत्या तवाच उठले असते मी."

आणि शेळीला ओढत ती घराकडे चालू लागली.